तव्यावरचं पाणी

सुरमईची तुकडी तापल्या तेलात सोडली की जो चर्रर्र आवाज उठतो, तो पाण्याचा असतो. तळणीच्या आचेवर तेल उकळत नाही. ते उकळण्याच्या कितीतरी आधी धुरकटतं आणि करपायला लागतं. तुकडीच्या कडेनं जे बुडबुडे येतात ते वाफेचे. माशाच्या अंगावरचा ओलावा गरम तेलाला टेकतो, त्याची वाफ होते, ती फुगून तेलातून वाट काढते आणि ते फुटणं आपल्याला ऐकू येतं. तळणाऱ्या हाताला हा आवाज ओळखता आला, की घड्याळाची फारशी गरज उरत नाही.

मासा कुरकुरीत होत नाही अशी तक्रार घरोघरी असते आणि दोष बहुतेक वेळा रव्याला, तव्याला किंवा मसाल्याला दिला जातो. माझं मत वेगळं आहे. मासळी तळणं हा सगळा पाण्याचा बंदोबस्त आहे. बाजारात मासा निवडताना, तो धुताना, मीठ लावताना, रव्यात घोळवताना आणि तळून ताटात काढतानाही प्रश्न एकच असतो: पाणी कुठे आहे आणि ते कुठे जायला हवं?

ताज्या माशाच्या वजनात साधारण ७० ते ८० टक्के पाणी असतं. ते सगळं घालवायचं नसतं, नाहीतर सुकट होईल. आतला मांसल भाग रसरशीत राहायला हवा आणि बाहेरचा एक-दोन मिलिमीटरचा थर तेवढा कोरडा ठणठणीत व्हायला हवा. हे अवघड का जातं? एक ग्रॅम पाणी खोलीतल्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला ७०-७५ कॅलरी उष्णता लागते. (या कॅलरी भौतिकशास्त्रातल्या, आहारातल्या कॅलरीच्या हजाराव्या हिश्शाच्या.) पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० कॅलरी लागतात. म्हणजे ओला मासा तव्यावर ठेवला की तेलातली उष्णता आधी त्या पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. शिवाय पाणी आहे तोवर माशाचा पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही. माशाला खमंग रंग आणि वास देणारी रासायनिक क्रिया मात्र १४० अंशांच्या आसपास जोर धरते. प्रथिनं आणि साखर यांच्यातली ही क्रिया लुई कामी मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली मांडली आणि ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. ओला मासा तिथवर पोचायच्या आत स्वतःच्याच वाफेत शिजून जातो. बाहेरून फिकट, मऊ आणि तेलकट.

म्हणून सुरुवात बाजारातच होते. मासा शिळा होऊ लागला की त्याच्या प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी होते आणि तळताना तो पाणी सोडत राहतो. बांगडा हातात आडवा धरला तर ताठ राहायला हवा, डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ला लालभडक. पापलेटच्या कल्ल्याजवळ दाबून पांढरं पाणी येतं की लालसर, हे मासळी बाजारात मुरलेल्या बायका आधी पाहतात. कापलेली सुरमई घेत असाल तर मांसावर बोट दाबून पाहा. खड्डा लगेच भरून आला तर घ्या, तसाच राहिला तर पुढच्या टोपलीकडे वळा.

बांगडा, सुरमई आणि कुपा यांच्या बाबतीत ताजेपणाला आणखी एक कारण आहे आणि ते गंभीर आहे. या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाविना उबेत पडून राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. त्यानं चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. एकदा तयार झालेलं हिस्टामीन तळून किंवा शिजवून जात नाही. म्हणून बाजारातून घरी येईपर्यंत मासा बर्फात हवा आणि घरी आल्यावर लगेच साफ करून फ्रिजमध्ये.

फ्रीझरमधल्या माशाचं दुखणं वेगळं. घरच्या फ्रीझरमध्ये पाणी सावकाश गोठतं, त्यामुळे बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशी फाडतात. वितळताना त्या फाटक्या पेशींतून पाणी गळतं. असा मासा आदल्या रात्रीच फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात, जाळीवर ठेवावा, म्हणजे गळणारं पाणी खाली साठतं आणि मासा त्यात भिजत पडत नाही. गरम पाण्यात बुडवून घाईनं वितळवलेल्या माशाचा रवा फ्राय कधीच नीट होत नाही.

साफ करताना खवले, पर आणि पोटातली घाण काढली तरी दोन गोष्टी राहून जातात. पोटाच्या आतलं काळं पातळ पटल आणि कण्याला चिकटलेली रक्ताची रेघ. दोन्ही कडवट, आणि वास धरतो तो तिथेच. ती बोटानं खरवडून काढावी, मासा वाहत्या पाण्याखाली झटपट धुवावा आणि मग पुसावा. हे पुसणं आपल्याकडे फार कमी लोक करतात. चाळणीत निथळत ठेवला म्हणजे झालं, असं मानलं जातं. चाळणीतून मोकळं पाणी ओघळतं, पण माशाच्या अंगाला बिलगलेला पाण्याचा पापुद्रा तसाच राहतो. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती फडक्यात प्रत्येक तुकडी दोन्ही बाजूंनी दाबून घ्या. फडकं ओलं होईल, दुसरं घ्या. माझ्या मते या एका कामानं जेवढा फरक पडतो तेवढा महागातल्या तव्यानं पडत नाही.

आता मीठ आणि आंबट. कोकणात हळद, मीठ आणि कोकमाचं आगळ लावतात, कुठे चिंचेचा कोळ, कुठे लिंबू. गोव्यात ख्रिस्ती घरांत रेशाद मसाला वाटताना माडाच्या ताडीचं व्हिनेगर घालतात. आंबटाचं काम चवीपलीकडचं आहे. समुद्रातल्या माशांच्या शरीरात खाऱ्या पाण्याचा ताण सोसण्यासाठी एक नायट्रोजनयुक्त संयुग असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात. तोच आपल्याला नकोसा वाटणारा माशाचा वास. हा पदार्थ अल्कधर्मी आहे. आम्लाशी गाठ पडली की त्याचा क्षार होतो, तो हवेत उडत नाही, आणि नाकाला कळत नाही. आगळ लावायची रीत यातल्या रसायनशास्त्राचं नावही माहीत नसताना पडली, आणि ती नेमकी आहे.

पण आंबटात मासा तासन्‌तास ठेवू नये. आम्लानं वरचं मांस चुना लावल्यासारखं पांढरं आणि ठिसूळ होतं. मीठ-आंबट लावून १५ ते २० मिनिटं पुरेत. तेवढ्या वेळात मीठ वरच्या थरातलं पाणी बाहेर ओढतं आणि ताटाच्या तळाशी लालसर-पिवळं पाणी जमतं. ते टाकून द्यायचं! मसाला वाया जातोय म्हणून हेच पाणी पुन्हा माशावर ओतलं जातं आणि सगळं केलेलं मुसळ केरात जातं. म्हणून मसाला दोनदा लावावा हे बरं. आधी नुसतं मीठ, हळद, आगळ. आगळ खारट असतं, तेव्हा मीठ हात राखून. पाणी सुटलं की ते ओतून टाकावं, तुकड्या अलगद टिपून घ्याव्यात आणि मग लाल तिखट किंवा मालवणी मसाला आणि आलं-लसणाचं वाटण. हे वाटण पाण्याशिवाय वाटलेलं, घट्ट, माशाला चोळता येईल असं. भरड राहिलेला लसूण तेलात सगळ्यात आधी जळतो आणि कडू लागतो, तेव्हा तो बारीक वाटा किंवा नुसता रस लावा.

रव्याकडे येताना एक आठवण ठेवायला हवी. गहू हे कोकणचं पीक नाही. तांदळाचं पीठ मात्र तिथल्या प्रत्येक घरात असतंच. आजही नुसत्या तांदळाच्या पिठात मासा तळणारी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांचा मासा हलका, पातळ पापुद्र्याचा होतो. रवा वेगळं काम करतो. त्याचा प्रत्येक दाणा टणक आणि जाडसर असतो, पाणी सावकाश पितो आणि तळल्यावर सुटा सुटा उभा राहतो. दाताखाली जो करकरीतपणा येतो तो या दाण्यांमुळे. नुसत्या रव्याला मात्र दोन दाण्यांमध्ये फटी राहतात, तिथून वाफ आणि मसाला तेलात उतरतो. तांदळाचं पीठ त्या फटी बुजवतं. त्यात गव्हासारखं चिवट ग्लुटेन नसल्यामुळे आवरण वातड होत नाही. दोन वाट्या बारीक रव्याला एक वाटी तांदळाचं पीठ, चिमूट मीठ आणि अर्धा चमचा तिखट, हे प्रमाण मला सगळ्यात भरवशाचं वाटतं.

आवरण कुरकुरीत होतं म्हणजे काय होतं? माशाच्या अंगावरचा ओलसर मसाला पिठातल्या स्टार्चला भिजवतो. गरम होताच ते स्टार्च फुगतं, चिकटतं, मग त्यातलं पाणी उडून जातं आणि ते काचेसारख्या कडक, ठिसूळ अवस्थेत येतं. त्याला पुन्हा ओलावा लागला की ही अवस्था मोडते आणि ते लवचिक होतं. यातूनच एक नियम निघतो, आणि तो पाळायलाच हवा. मासा रव्यात घोळवायचा तो तव्यावर टाकायच्या अगदी आधी. सगळ्या तुकड्या घोळवून ताटात रचून ठेवल्या की रवा मासा आणि मसाला यांतलं पाणी पिऊन बसतो, आणि मग तव्यावर लगदा तळला जातो. एका हातानं घोळवा, तळव्यानं हलकं दाबा, जास्तीचा रवा झटका, सरळ तेलात.

सगळीकडे असंच करतात असं नाही. बंगालमध्ये माशाला हळद-मीठ लावून मोहरीच्या तेलात तसाच तळतात, तिथे कुरकुरीत होते ती माशाची कातडी. पंजाबात अमृतसरी मासा बेसन आणि ओव्याच्या घट्ट पिठात बुडवून निघतो. बेसनाचं जाड आवरण आतल्या वाफेला अडवून धरतं, म्हणून ते खोल तेलात तळावं लागतं. आपला रवा फ्राय कमी तेलात, तव्यावर होणारा. म्हणून त्याला निगुती जास्त लागते.

तवा जड हवा. बीडाचा असेल तर उत्तम, कारण थंड तुकडी पडल्यावर त्याची उष्णता एकदम खाली येत नाही. तेल तुकडीच्या अर्ध्या जाडीपर्यंत यायला हवं. शेंगदाण्याचं चालतं, आणि किनारपट्टीवरच्या खोबरेलाची चव माशाला न्यारीच. मात्र घाणीचं खोबरेल लवकर धुरकटतं, त्याला आच मध्यम ठेवावी. तेलाचं तापमान १७० ते १८० अंश. थर्मामीटर नसेल तर रव्याचे चार दाणे टाका. लगेच फेसाळून नाचू लागले तर तेल तयार, तळाशी बसून राहिले तर थांबा, पडताक्षणी काळे झाले तर आच कमी करून मिनिटभर थांबा.

आता तुकडी आपल्यापासून दूरच्या बाजूला झुकवत सोडा, म्हणजे तेल अंगावर उडत नाही. पहिल्या काही सेकंदांत आवाज मोठा आणि दाट असतो, बुडबुडे टपोरे. या वेळी उलथनं हातात असलं तरी लावायचं नाही. माशाची प्रथिनं गरम धातूला चिकटतात, आणि वरचा थर वाळून कडक झाला की त्यांची पकड आपोआप सुटते. त्याआधी खरवडलं तर रवा तव्याला राहतो आणि तुकडी उघडी पडते. दीड-दोन मिनिटांनी बुडबुडे बारीक होतात. कडेला रव्याची एक सोनेरी रेघ दिसते, ती हळूहळू वर चढते. मांसाचा पारदर्शक गुलाबीपणा खालून पांढरा होत जातो आणि ही पांढरी सीमा अर्ध्या जाडीवर येते. आवाज आता विरळ झालेला असतो, मोठ्या चर्ररऐवजी बारीक तडतड. याचा अर्थ वरचं पाणी उडून गेलं. तव्याला हलका धक्का द्या, तुकडी स्वतःहून सरकली तर उलटा. अर्धा इंच जाडीच्या सुरमईला प्रत्येक बाजूला तीन ते चार मिनिटं लागतात. दुसरी बाजू थोडी लवकर होते.

आतला मासा शिजायला फार वेळ लागत नाही. त्याची प्रथिनं ५० ते ६० अंशांतच घट्ट होतात. मांसाचे पापुद्रे एकत्र धरणारं कोलॅजन मटणाच्या मानानं कितीतरी नाजूक असतं आणि याच सुमारास विरघळतं, म्हणून शिजलेल्या सुरमईची एकेक वडी अलगद सुटते. त्यापुढे तापवत राहिलं की प्रथिनं आवळतात, आतलं पाणी बाहेर ढकलतात, आणि ते पाणी येतं थेट आपण मेहनतीनं वाळवलेल्या आवरणात. जास्त तळल्यानं मासा अधिक कुरकुरीत होतो हा समज म्हणूनच खोटा आहे. झाकण ठेवणं हा दुसरा घात. वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि थेंब थेंब पुन्हा तव्यावर पडते. तव्यावर गर्दीही नको. एका वेळी तवा निम्मा रिकामा दिसावा, दोन तुकड्यांमधून वाफेला निघायला वाट हवी.

बांगड्याचं गणित निराळं. तो तेलकट मासा. त्याची स्वतःची चरबी तव्यावर सुटते आणि कातडी त्यातच खरपूस होते. त्याला रवा लावण्याच्या मी विरुद्ध आहे. दोन्ही अंगांना तिरक्या खाचा पाडाव्यात, मसाला खाचांत भरावा, वरून तांदळाच्या पिठाचा हात फिरवावा, बस. खाचांमुळे कातडी आवळून मासा वाकडा होत नाही आणि कण्याजवळचा जाड भाग वेळेत शिजतो. रेशाद भरलेल्या बांगड्याला आच आणखी मंद लागते, कारण पोटातला मसाला ओला असतो. मांदेली उलट. ती बोटाएवढी, मोठ्या आचेवर भरपूर तेलात दोन-तीन मिनिटं, काटा-शेपटीसकट कुरकुरीत.

आणि बोंबील. पाण्याचा खरा कस लागतो तो इथे. बोंबिलाच्या वजनात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं, मांस इतकं लिबलिबीत की हातातून निसटतं. वसई, उत्तन, वर्सोव्याच्या कोळीवाड्यांत बोंबील सुकवताना दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांची जोडी बांबूच्या आडव्या काठीवर टांगतात. ऊन-वारा त्यातलं पाणी नेतो आणि मासा महिनोन्‌महिने टिकतो. तळायच्या ओल्या बोंबिलाचं पाणी ऊन न लावता, वजनानं काढायचं. डोकं, शेपटी, पर काढून पोटाकडून उभा चिरावा, पुस्तकासारखा उघडावा आणि मधला काटा सुरीच्या टोकानं उचलून ओढून घ्यावा. मग पाटावर सुती फडकं, त्यावर मीठ-हळद लावलेले बोंबील एकमेकांवर न चढवता, वर दुसरं फडकं, दुसरा पाट, आणि त्यावर वरवंटा. पाट एका बाजूनं किंचित उचलून ठेवला की पाणी मोरीकडे वाहतं. अर्धा ते एक तास. फडकं पिळलं तर वाटीभर पाणी निघतं! दाबून चपटा झालेला बोंबील आता चिकट आणि घट्ट लागतो, मसाला धरतो, रव्यात घोळवता येतो. तळल्यावर बाहेर खुसखुशीत आवरण आणि आत सायीइतकं मऊ मांस. हे दाबणं टाळून फ्राय केलेला बोंबील तव्यावर आकसतो, रवा सोडतो आणि अर्धा विरघळतो. वेळ नसेल त्या दिवशी बोंबिलाचं कालवण करावं.

तळून झाल्यावरचं मिनिटही महत्त्वाचं. तळत असताना बाहेर पडणारी वाफ तेलाला आत शिरू देत नाही. मासा तेलातून काढला की वाफ निवते, आवरणातल्या बारीक पोकळ्यांत दाब कमी होतो आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. बरंचसं तेल मुरतं ते याच वेळी. म्हणून तुकडी तव्याच्या कडेशी उभी धरून निथळू द्यावी आणि लगेच जाळीवर ठेवावी. कागदावर तेल टिपलं जातं हे खरं, पण खालच्या बाजूची वाफ कोंडते आणि तीच बाजू मऊ पडते. एकावर एक रचणं आणि डब्यात झाकून ठेवणं तर नकोच. लिंबाची फोड ताटात बाजूला द्यावी, पिळायचं ज्यानं त्यानं, घास घेताना. आमटी-भाताच्या वर तुकडी ठेवू नये, भाताची वाफ तिला खालून ओली करते.

तळणीच्या तेलात रव्याचा गाळ राहतो आणि पुढच्या तळणीत तो जळून कडवट काळे ठिपके देतो. दोन घाण्यांमध्ये झाऱ्यानं गाळ काढत जावा. उरलेलं तेल गाळून फार तर आणखी एकदा, तेही मासळीलाच. वारंवार तापवलेल्या तेलात घातक संयुगं वाढतात. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं त्यासाठी २५ टक्के ध्रुवीय संयुगांची मर्यादा घालून दिली आहे आणि ती १ जुलै २०१८पासून लागू आहे. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण तेल गडद झालं, घट्ट झालं, तापताना फेस धरू लागलं की ते टाकून द्यावं.

उरलेली सुरमई दुसऱ्या दिवशी मऊ पडलेली असते, कारण रात्रभरात आतलं पाणी आवरणात झिरपतं. मायक्रोवेव्हमध्ये ती आणखी लिबलिबीत होते. कोरड्या बीडाच्या तव्यावर, तेल न घालता, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं ठेवली की आवरणातलं पाणी पुन्हा उडतं आणि ती बऱ्यापैकी कडक होते. पापलेटलाही हे चालतं. बोंबिलाला चालत नाही, म्हणून बोंबील पानं वाढल्यावर, माणसं मोजूनच तळावेत.